परवडणारं शहर शोधून मिळेल

लोकांना राहायला गाव शोधून द्यायचं काम घेतलं, की फाइलींपेक्षा किस्सेच जास्त साचतात. बेसा रोडला मेडिकल स्टोअरच्या वर आमचं चार टेबलांचं ऑफिस. रिटायर झाल्यावर परदेशात कमी खर्चात कुठे राहता येईल, ते आम्ही शहरांची तुलना करून सांगतो. मालक वानखेडे सर, वर्षाताई मेश्राम, मी, आणि मौद्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले ढोबळे काका. पासपोर्ट एकट्या सरांकडे, तोही कोरा.

*

मुंबईच्या एका साहेबांनी फोनवर ताईंना खडसावलं, तुम्ही स्वतः कधी पोर्तुगालला गेलात का म्हणून.

ताई म्हणाल्या, "नाही जी. पण तुम्ही पसंत केलेलं घर चौथ्या माळ्यावर आहे, लिफ्ट नाही, अन् तुमच्या मिसेसचे गुडघे दुखतात."

साहेबांनी त्याच दिवशी फी भरली.

*

शहरांच्या तक्त्यातला हवामानाचा रकाना काकांकडे. मलेशियातल्या पेनांगपुढे त्यांनी लिहिलं, 'हवा थंड'. एक आजी त्या भरवशावर दोन स्वेटर घेऊन गेल्या आणि तिथून घामाघूम फोटो पाठवला.

सरांनी विचारलं, "काहून जी काका, तेहतीस डिग्रीले थंड लिहिलं?"

"मे महिन्यात लिहिलं होतं, इथं सेहेचाळीस असताना," काका म्हणाले.

*

ताईंनी तक्त्यात एक रकाना वाढवला होता: शेजारी घराची चाबी ठेवून घेतील का? सर हसले आणि तो काढून टाकला. पुढच्याच आठवड्यात तीन गिऱ्हाइकांनी फोन करून विचारलं, तो चाबीवाला रकाना कुठे गेला?

*

जगाला शहरं सुचवणारे आमचे सर सहा वर्षांपासून स्वतःसाठी फ्लॅट बघत होते. एक दिवस त्यांच्या मिसेस ऑफिसात आल्या, सरळ गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या आणि फॉर्म मागितला. 'कसं शहर हवं?' यापुढे त्यांनी लिहिलं, 'जिथे नवरा निर्णय घेईल असं कोणतंही.'

सरांनी महिनाभरात बेसालाच फ्लॅट बुक केला.

*

मध्यंतरी बिननावाचा एक फॉर्म आला. वय सदुसष्ट, घरी एकटा, मुलगी कॅनडात बोलावते, तिच्याजवळचं परवडणारं गाव सुचवा. खाली फक्त मोबाइल नंबर.

ताईंनी तीन गावांचा तक्ता केला आणि काही विचारायचं होतं म्हणून ऑफिसच्या फोनवरून तो नंबर लावला. समोरच्या टेबलाशी बसलेल्या काकांच्या खिशातला मोबाइल वाजला. काकांनी तो उचलला. दोघांनीही मान वर केली नाही.

ताईंनी नेहमीच्या आवाजात विचारलं, गावाबद्दल आणखी काय माहिती पाहिजे.

काका फोनमध्येच बोलले, "तिथं दुपारी चहाले कोणी सोबत भेटन का, तेवढं पाहून सांगा."

ताईंनी तीन गावांचा तक्ता ड्रॉवरमध्ये टाकला. "शोधावं लागन जी. चार-पाच वर्षं लागतील."

"चालते," काका म्हणाले. "मले घाई नाही."