उन्हात ठेवलेल्या तबकड्या

इब्राहिम मास्तरांची आणि माझी पहिली भेट श्रीवर्धनच्या शाळेच्या व्हरांड्यात झाली. मी त्या दिवशी नव्याने रुजू होत होतो. मास्तर एका वर्गाच्या बंद दाराला कान लावून उभे होते आणि आत मुले एका सुरात पाढे म्हणत होती. मी नाव सांगायला तोंड उघडले, तर त्यांनी हातानेच थांबा म्हटले. पाढा संपल्यावर म्हणाले, "आत बत्तीस गेलेत, एकतीस ऐकू येतायत. एक जण नुसतेच ओठ हलवतोय." दार उघडून त्यांनी त्याला अचूक उभे केले. मग माझ्याकडे वळून, काहीच झाले नाही अशा थाटात विचारले, "तुम्ही नवे लेले मास्तर ना? या."

मास्तरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकाची बातमी त्यांना द्यायला आम्ही गेलो, तेव्हा ते माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "चांदाच्या महिन्यांनी मोजलंत तर माझी साठी कधीच उलटली. तुम्हाला उशीर झालाय, बापूराव." अंकाच्या समितीने मला लेख प्रसन्न लिहायला बजावले आहे. तो प्रसन्न होणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आवडला नाही तर समितीने खुशाल गाळावा. पण मी तो समारंभात मास्तरांसमोर वाचणारच आहे.

मास्तरांनी या किनाऱ्यावरच्या दोन पिढ्यांना लिहायला-वाचायला शिकवले, हे इतर मंडळी लिहितीलच. मी एकच गोष्ट सांगतो. कोळीवाड्यातली चिंगी नावाची मुलगी वर्गात मंद समजली जाई. मीही तिला तसेच समजत होतो आणि तिच्यावर बरेचदा खेकसलो होतो. मास्तरांनी दोन दिवस तिची कविता ऐकली आणि मला म्हणाले, "ही पोर प्रत्येक शब्दाला जराशी मागं आहे. ती शेजारणीच्या ओठांकडं बघून म्हणते. तिला ऐकू येत नसावं." ते खरे निघाले. तिची आई शाळेत आली आणि दारातच बसून रडू लागली. "मास्तर, आमाला बी ठावं न्हवतं वो. आमी तिला मारत व्हतो, आयकत न्हाय म्हून." मास्तरांनी चिंगीला आपल्या खुर्चीसमोर बसवले आणि पुढे चार वर्षे तिच्याकडे तोंड करूनच शिकवले. मी तिची माफी मागितली नाही. मास्तर माणसाला, तो मोठा असो की लहान, असे कधी टाकून देत नाहीत. माझा मात्र तो स्वभाव नाही.

आता तबकड्यांविषयी. मास्तरांचे एकुलते एक चिरंजीव हमीद बोटीवर नोकरीला होते. उतारूंच्या जेवणाच्या दालनात वाढायचे काम, आणि तिथे रोज साहेबांचा बँड वाजे. त्या वाजवणाऱ्यांच्या संगतीने हमीदना विलायती संगीताची गोडी लागली. एका रजेत त्यांनी घरी ग्रामोफोन आणला आणि मग दर सफरीला तबकड्या येऊ लागल्या. कुठे नाचाचे संगीत, कुठे शंभर वादकांचा मेळ, कुठे संगीत नाटकातले, साऱ्या जमावाने मिळून गायलेले कोरस. सोबत चिठ्ठी असे, त्यात अब्बांना सगळे समजावून सांगितलेले.

शुक्रवारी नमाजानंतर दुपारी मास्तरांच्या ओट्यावर ऐकणाऱ्यांची बैठक भरे. मी, पोस्टमास्तर, एकदोन सुपारीवाले. खरे सांगायचे तर मला त्या संगीतातले ओ की ठो कळत नव्हते. मास्तरांच्या पत्नीच्या, म्हणजे भाभींच्या, हातच्या चहासाठी मी जाई, आणि त्या चहापायी घरी बोलणी खाई. मास्तर चिठ्ठी वाचून दाखवत, "या चालीवर बाया पायाच्या अंगठ्यांवर उभ्या राहून नाचतात आणि शेवटपर्यंत एक शब्द बोलत नाहीत." पोस्टमास्तर म्हणत, "आमच्या घरी असा प्रकार दोन मिनिटं चालायचा नाही." शंभर वादकांसमोर एक जण नुसती काठी हलवतो, तो काहीच वाजवत नाही, हे ऐकून सुपारीवाल्यांना आमचे मामलेदार आठवत.

थट्टा संपली की मास्तर चावी भरत, सुई बदलत आणि सांगत, "सगळं एकदम ऐकू नका. एकच आवाज धरा आणि शेवटपर्यंत त्याचा हात सोडू नका." मी प्रयत्न करी. माझा आवाज अर्ध्या मिनिटात गर्दीत हरवे. मास्तर मात्र वहीत लिहून ठेवत, कुठला आवाज कुठे श्वास घेतो, कुठला दमतो. जन्मात विलायत न पाहिलेल्या त्या माणसाला कोरसातले अनोळखी लोक ओळखीचे झाले होते.

मग एका पावसाळ्याच्या तोंडी कंपनीचे पत्र आले. हमीदना परक्या बंदरात ताप भरला, बोट निघाल्यावर ते वारले, आणि रीतीप्रमाणे त्यांना पाण्यात सोडले होते. कंपनीचे पत्र इंग्रजीत होते, म्हणून ते मला वाचावे लागले. भाभी एवढेच म्हणाल्या, "माती द्याया बी न्हाय मिळाली." काही महिन्यांनी हमीदची पेटी आली. तिच्यात गणवेशाच्या कपड्यांत गुंडाळलेल्या पाच नव्या तबकड्या होत्या आणि टपालात न पडलेली एक चिठ्ठी. त्यातल्या कोरसाच्या तबकडीविषयी हमीदनी लिहिले होते, "अब्बा, यात एक माणूस दर वेळी जरासा उशिरा येतो. मला तो सापडला. तुम्ही शोधून ठेवा, कुठला ते मी घरी आल्यावर विचारीन."

त्यानंतरच्या शुक्रवारांना थट्टा बंद झाली. पोस्टमास्तर येईनासे झाले, सुपारीवालेही. मी जात राहिलो. मास्तर इतर तबकड्यांना हात लावत नसत. ती एकच तबकडी दोनतीनदा वाजवत, मान खाली घालून ऐकत आणि वहीत एक ओळ लिहीत. भाभी दारामागे बसत. त्यांना गाण्याशी कर्तव्य नव्हते. एकदा मला म्हणाल्या, "त्याची कबर दर्यात. माझ्याकडं हे एवढंच हाय, भाऊ. ते वाजतं तवर बरं वाटतं." तो उशिरा येणारा माणूस सापडला का, असे विचारायचा मला धीर होत नसे.

दुसऱ्या वर्षी भाभींच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी दोघांना मुंबईला जावे लागले. छपराचे काम राहिले होते, घरात ओल होती. बोटीच्या गडबडीत, भाभी पुढे बंदरावर गेल्या असताना, मास्तर पाचही तबकड्या माझ्या घरी घेऊन आले. "जपा. ओल तेवढी लागू देऊ नका," म्हणाले. भाभींना हे सांगायचे राहून गेले.

आणि मी जपल्या. आठवड्याने उघडून पाहतो तो पाकिटांना बुरशी आलेली, तबकड्यांवर पांढरी भुरी. आमच्या इकडे पावसाळा सरला की कशालाही एकच औषध असते. गाद्या, पोथ्या, लोणच्याच्या बरण्या, सगळ्याला ऊन दाखवायचे. माझ्या आजोबांनी हेच केले, वडिलांनी हेच केले. अंगणात सुपारी वाळत होती, तिच्या कडेला मी स्वच्छ धोतर अंथरले आणि पाचही तबकड्या ओळीने मांडल्या. वर कावळ्यांपासून राखण म्हणून स्वतः बसलो. तबकडी लाखेची असते आणि लाख उन्हाने मऊ होते, हे सोनाराच्या लहान पोरालाही ठाऊक असते. मला, शाळेत पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याला, ते सुचले नाही. दुपारी उचलायला गेलो तर कडा लाटेसारख्या वर आल्या होत्या. घाबरून मी त्या सपाट करायला पाट्याखाली दाबल्या. कोरसाची तबकडी मधोमध तडकली.

मंडळी परत आली त्याच दिवशी मी गाठोडे घेऊन गेलो. मास्तर ओट्यावर होते. मी सगळे सांगितले. त्यांनी एकेक तबकडी हातात घेतली, कडेवरून अंगठा फिरवला, आणि तडकलेली शेवटी ठेवली. मग म्हणाले, "ऊन देण्यात तुमची काय चूक? आपण सगळ्यालाच ऊन देतो."

तेवढ्यात भाभी चाचपडत बाहेर आल्या. डोळ्यांवर हिरवी पट्टी होती. मास्तरांच्या मांडीवर काय आहे ते पाहायला त्यांनी हात पुढे केला. बोटे वाकलेल्या कडेवर थांबली, मग तड्यावर. त्यांनी विचारले, "ह्ये कुणी केलं?"

मास्तर म्हणाले, "मी. जाताना खिडकीत राहिल्या. ऊन लागलं."

भाभी किंचाळल्या नाहीत. हळू म्हणाल्या, "पोरगा दर्यानं नेला. त्याचा आवाज तुमी मारलात." मी तीन हातांवर उभा होतो. मी आहे हे त्यांना दिसत नव्हते, आणि मी चकार शब्द काढला नाही. पट्टी सुटल्यावरही काढला नाही.

निघताना मी फाटकाशी मास्तरांना विचारले, "हमीदचा तो माणूस?" ते म्हणाले, "सापडला होता मला. जायच्या आधीच्या शुक्रवारी. काळजी करू नका." त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षे झोपलो. मुंबईच्या दुकानातून तोच कोरस मागवला, पण ती तबकडी मिळेना. दुसऱ्या मंडळीने गायलेली आली. मास्तरांनी ती आदबीने पूर्ण ऐकली. म्हणाले, "छान आहे. यात सगळे वेळेवर येतात." पुन्हा लावली नाही.

भाभी त्यानंतर दीड वर्ष जगल्या. मास्तरांना वेळच्या वेळी जेवायला वाढत, दुखलेखुपले बघत, पण हमीदचे नाव त्यांच्याजवळ पुन्हा काढले नाही. मुलाविषयी बोलायला जगात जे एकच माणूस होते, त्याच्याशी त्या बोलल्या नाहीत. शेवटच्या आजारात मी दोनदा भेटायला गेलो, दोन्ही वेळा सांगायचे ठरवून. एकदा त्या झोपल्या होत्या. एकदा जाग्या होत्या, आणि मी हवापाण्याचे बोललो.

या अंकासाठी उतारे काढायला समितीने मास्तरांच्या वह्या माझ्याकडे सोपवल्या. मुंबईला जायच्या आधीच्या शुक्रवारची नोंद मी गेल्या पंधरवड्यात वाचली. तिच्यात लिहिले आहे, "आज नाही. डोळ्यांचे उरकून आलो की वरच्या आवाजांकडून सुरुवात करावी." त्याच्या आधीच्या, पेटी आल्यापासूनच्या प्रत्येक शुक्रवारपुढे दोनच शब्द आहेत. आज नाही. आज नाही. आज नाही. त्या नोंदीनंतरची पाने कोरी आहेत.

तेव्हा मंडळी, भाभींना जे ठाऊक नव्हते ते आता आपल्याला ठाऊक झाले आहे. तबकड्या मी मोडल्या. मास्तरांनी त्याचा दोष घेतला, बायकोचा अबोला सोसला, आणि मला झोप लागावी म्हणून मुलाने दिलेला शोध पुरा झाला असे खोटे सांगितले. त्यांच्या तोंडून मी खोटे ऐकले ते एवढे दोनदाच, आणि दोन्ही वेळा माझ्यासाठी. वह्या चाळल्या जातील हे त्यांच्या ध्यानात आले नसावे, नाहीतर त्यांनी ते पान फाडले असते.

अशा लेखाच्या शेवटी सत्कारमूर्तींना उदंड आयुष्य चिंतायचे असते. मीही चिंततो, आणि त्यात माझा स्वार्थ आहे. मास्तरांची प्रकृती धडधाकट राहो, कान आजच्यासारखे तीक्ष्ण राहोत आणि त्यांना अजून पुष्कळ वर्षे मिळोत. एवढ्या वर्षांत ते माझ्यावर एकदाही रागावलेले नाहीत. आता त्यांनी रागवावे, हवा तितका वेळ रागवावे. मी समोर बसून शेवटपर्यंत ऐकून घेईन.