हमीची ताटे

तालुक्याच्या कचेरीसमोर, पिंपरणीच्या झाडाखाली, गेली अनेक वर्षे माझे टेबल आहे. माझे शालेय शिक्षण नववीत थांबले. तथापि मी लिहिलेला अर्ज कोणा साहेबाने 'अर्थबोध होत नाही' असा शेरा मारून परत केल्याचे मला स्मरत नाही. तंटा कितीही चिघळलेला असो, तो चार परिच्छेदांत नीट मांडला की निम्मा निवळतो, अशी माझी धारणा होती. मुलीचे लग्न ठरेपर्यंत ती टिकली.

मुलगी पुण्यात कंपनीत नोकरीला. नवरा मुलगाही तिथलाच. त्याचे वडील सैन्यातून निवृत्त झालेले, मूळचे सातारचे. बैठक त्यांच्या साताऱ्याच्या घरी झाली. माणसे सरळ होती. देणेघेणे नको, मानपान नको, खर्च निम्मा-निम्मा. मात्र लग्न पुण्यात व्हावे, कारण त्यांचा सारा गोतावळा आता तिकडे, एवढेच त्यांचे म्हणणे. ते मला गैर वाटले नाही. शिवाय पुण्यातील कार्यालयात आपल्या घरचे कार्य होणार, हेही मनाला सुखावून गेले. ठरलेल्या बाबींची याद मीच लिहिली आणि अक्षराची वाखाणणी झाली.

खर्चाची खरी कल्पना कार्यालयाच्या मॅनेजरसमोर बसल्यावर आली. आमच्याकडे आचारी विचारतो, गहू किती पोती, साखर किती. पंगतीत पाच-पन्नास माणूस वाढले तरी कोणाच्या लक्षात येत नाही. तिथे दर माणसाला होता. एका ताटाचे हजार रुपये, आणि किती ताटे लागतील तो आकडा आगाऊ लिहून द्यायचा. यास हमी म्हणतात. माणूस जेवो अगर न जेवो, हमीच्या ताटाचे पैसे द्यावेच लागतात. त्यांची तीनशे, आमची तीनशे अशी हमी झाली. भाडे, सजावट, फोटोवाले, वऱ्हाडाच्या गाड्या हे सर्व धरता पतसंस्थेतील ठेव मोडूनही पुरे पडेना. उरलेले मुलीने आपल्या पगारातील शिलकीतून घातले. तिचे म्हणणे आधीपासून शंभर माणसांत उरकावे असे होते. ते मी मोडीत काढले. परंतु तीनशेच्या वर एकही ताट नेण्याची ऐपत आता आम्हा दोघांतही उरली नव्हती.

आणि आमच्या गावी आवतान चूलबंद असते. भावकीत लग्न निघाले की प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर अक्षता ठेवून 'चूलबंद या' असे सांगायचे. त्या दिवशी त्या घरात स्वयंपाक होत नाही, म्हाताऱ्यापासून रांगत्या पोरापर्यंत सारे मांडवात जेवतात. घरोघरी गॅस आले, तरी शब्द तोच राहिला. आमची भावकी पंचेचाळीस घरांची. सर्वांना चूलबंद सांगितले असते, तर तीनशे ताटे तिथेच संपून वर आणखी शे-दीडशे लागली असती. आमच्या मंडळींच्या माहेरची माणसे होती. कचेरीतील कारकून, तलाठी, वकील होते. कचेरीच्या या लोकांसाठी मी शंभर ताटे राखली, कारण माझ्या टेबलाची भाकरी त्यांच्यावर चालते. उरलेल्यात भावकीच्या वाट्याला घरटी दोन माणसे आली.

मुलीने सगळे ऐकून फोनवर एकच सांगितले, "आप्पा, बाकी तुम्ही ठरवा. पण थोरली आई मांडवात पाहिजे."

थोरली आई म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंच्या पत्नी. मुलगी अंगावर पीत असताना आमच्या मंडळींना छातीच्या दुखण्याने मिरजेला दवाखान्यात ठेवावे लागले. ते दुखणे रेंगाळले. तोवर पोर वहिनींच्या कुशीत वाढली. मंडळी बऱ्या होऊन आल्या तेव्हा ती त्यांच्याकडे जाईना. वहिनींवाचून तिचे लग्न म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

म्हणून पहिले आवतान थोरल्यांकडेच नेले. ते भावकीतील वडीलधारे. त्यांनी मान डोलावली की बाकीचे बोलणार नाहीत, असा माझा अंदाज होता. ओसरीवर बसून पुण्याचा दर, हमी, माझी अडचण, सारे मी क्रमाने मांडले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाले, "तलाठ्याच्या पत्रिकेवर काय छापलंयस? सहकुटुंब. आन आमी मोजून दोन व्हय रं?"

मी म्हणालो, बाकीच्यांना दोन. तुमच्या घरची सगळी दहा माणसे धरली आहेत, त्यात हयगय नाही.

"आन मी दहा माणसं घिऊन गाडीत बसू, आन शेजारच्या घरातनं दोघं बघत ऱ्हातील? उद्या पारावर कुठल्या तोंडानं बसू मी, गड्या?"

त्यांचा आवाज चढला नाही. भावकीला जे, तेच आपल्याला, एवढेच ते पुन्हा बोलले. घरटी दोन तर त्यांच्या घरचेही दोन, आणि धाकटा मुलगा व सून जातील. थोरले घरी राहणार म्हटल्यावर वहिनी जाणार नाहीत हे वेगळे सांगावे लागले नाही.

मी परसात वहिनींना गाठले. त्या शेंगा वाळत घालत होत्या. मी सुचवले की, पाहुणी म्हणून नव्हे, मुलीच्या घरचे माणूस म्हणून आदल्या दिवशी आमच्या गाडीतून चला. कोणाला कळणार नाही. त्यांनी हातातले सूप खाली ठेवले.

"भावजी, माज्या पोरीच्या लग्नात मी चोरून येऊ व्हय?"

एवढे बोलून त्यांनी पुन्हा सूप उचलले. मी मुलीचे नाव घेतले, ती रडेल म्हणालो. त्या म्हणाल्या, रडंल. आणि शेंगा पसरत राहिल्या.

लग्नाच्या दिवशी भावकीसाठी सांगितलेल्या दोन गाड्यांपैकी एक रिकामीच निघाली. बहुतेक घरांनी पुण्यात कामाला असलेल्या एखाद्या पोराला फोन करून 'जाऊन ये' म्हटले होते. ती पोरे आली, आहेराचे पाकीट देऊन जेवून गेली. कचेरीतील साहेब लोकांना पुणे लांब पडले. नवऱ्याकडील बाजू गच्च भरली होती. आमच्या बाजूला पांढऱ्या आवरणाच्या खुर्च्या मागपर्यंत दिसत होत्या, आणि फोटोवाला आमच्याकडच्या माणसांना जवळजवळ बसायला सांगत फिरत होता. वहिनींनी धाकट्या सुनेबरोबर हिरवे लुगडे पाठवले होते. ओटी भरायची वेळ आली तेव्हा मुलगी दाराकडे पाहत राहिली. शेवटी तिच्या मावशीने ओटी भरली. पाठवणीला ती माझ्या पाया पडली आणि गाडीत जाऊन बसली.

पंगत आटोपल्यावर मॅनेजरने कागद आणला. आमच्या बाजूची एकशे साठ ताटे उठली होती. सही तीनशेंवर करावी लागली.

पुढच्या आठवड्यात नवरा-नवरी गावी देवदर्शनाला आली. मंडळींनी पहाटेपासून पुरणाचा घाट घातला होता. दुपार टळली तरी गाडी दिसेना, म्हणून मी पाहायला निघालो. गाडी थोरल्यांच्या दारात उभी होती. ओसरीवरून आत स्वयंपाकघरात जावयाची पाठ दिसत होती, आणि वहिनींच्या अंगावर रेलून बसलेली मुलगी. वहिनी तिला घास भरवत होत्या. मुलीच्या अंगावर हिरवे लुगडे होते. आमच्या घरी कोणी वाट पाहत असेल, हे त्या तिघांपैकी कोणाच्या चेहऱ्यावर नव्हते.

थोरले बाजेवर बसले होते. मला पाहून ते थोडे सरकले. मी टेकलो. मग ते हळू म्हणाले, "न जेवलेल्या ताटांचं पैसं परत दिलं का रं त्यांनी?"

"न्हाई, दादा."

"समदंच घेतलं?"

"समदं."

त्यांनी मान हलवली. त्यांना खरोखरच वाईट वाटले होते. आतून कोणी मला हाक मारली नाही, आणि मीही आत गेलो नाही. थोड्या वेळाने उठून घरी आलो आणि मंडळींना सांगितले की, पाने घेऊ नका.