लेकीचं गाऱ्हाणं

देवावर माझी श्रद्धा आहे, पण धीर म्हणाल तर अंगात नावाला नाही. आम्ही जामसंड्यात राहतो. लेक मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांदा बसणार होती आणि महिनाभर आधी तिचं बिनसलं. जेवण सुटलं, झोप उडाली, पुस्तक उघडलं की लगेच मिटून ठेवायची. डॉक्टर म्हणाले, ताण आहे, जरा मोकळं सोडा. मला त्यांचाच राग आला. मोकळं सोडून कोणी डॉक्टर होतं होय? पण आत धाकधूक होतीच, म्हणून तिला घेऊन सासरच्या गावी ग्रामदेवतेला कौल लावायला गेले.

कौल म्हणजे गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि आपलं गाऱ्हाणं मोठ्याने घालतात. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. त्या सकाळी देवळात आम्ही तिघंच होतो. ‘यंदा ह्या चेडवाचो नंबर लागांदे,’ असं माझ्या लेकीसाठी गुरवकाकांनी खणखणीत घातलं आणि मी जोरात ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. पाकळ्या हलल्या नाहीत. पुन्हा घातलं, तेच. तास गेला. आता मी देवाशीच भांडायला लागले. एवढी लांब आले, एक पाकळी पाडायला तुझं काय जातं रे?

काकांनी घाम पुसला आणि माझ्याकडे वळले. “बाय, ह्या गाऱ्हाणा तुझा. चेडवाचा काय आसा, ता इचारलंस?”

“तेचा नि माझा काय येगळा आसा?” मी फणकारले.

“बोलांदी तेका. बोल गो बाय, भिया नको.”

ती पाषाणापुढे सरकली. मग हात जोडून हळू आवाजात म्हणाली, “देवा म्हाराजा, माका झोप येवंदे. आणि नंबर नाय लागलो तरी आयेन माझ्याशी बोलाचा सोडू नये.”

मला भर देवळात मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागच्या खेपेला नंबर हुकला तेव्हा मी आठ दिवस तिच्याशी धड बोलले नव्हते. मी ते विसरूनही गेले होते. काका माझ्याकडे बघत थांबले. ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं होतं मला. कसंबसं म्हटलं, डोळे मिटून. उघडले तेव्हा उजवी पाकळी खाली पडलेली होती. ती कधी पडली ते तिघांपैकी कोणीच पाहिलं नाही. वाऱ्याने पडली असेल, असं कोणी म्हणालं तर मी वाद घालत नाही.

घरी आल्यावर मी तिच्या खोलीत घिरट्या घालणं सोडलं. सोपं गेलं नाही हो, जीभ चावून बसायचे. ती हळूहळू जेवायला लागली, झोपायला लागली. परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर उभी राहून मी एवढंच म्हटलं, देवा, ही तुझी, तू बघ.

पेपर संपला. फाटकातून पोरं भराभरा बाहेर पडली. ती सगळ्यांत शेवटी आली, डोळे लाल, पेपर वाईट गेलेला. गर्दीत तिने इकडेतिकडे शोधलं आणि रडत रडत सरळ माझ्याकडेच आली. मी तिला पोटाशी धरलं. देवा, भरून पावले.