शेवटाकडून चालणारे चाचा

बैलगाडी शर्यतीच्या मैदानावर आले की चाचा सुरुवातीच्या रेषेकडं कधी जात नसत. आधी ते थेट शेवटचा झेंडा गाठत, त्याच्याही पुढं पन्नास-साठ पावलं जात आणि तिथून अनवाणी माघारी चालत येत. ढेकूळ लागलं की टाचेनं फोडत, खड्डा दिसला की वाकून माती लोटत. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाले, "मास्तर, पळवायला काय, कुणीबी पळवील. थांबायचं कुठं ते आधी बघावं."

आमच्या ईट गावात त्यांचा बैलांना नाल ठोकायचा धंदा होता. पण त्यांची ओळख होती ती शर्यतीचे गाडीवान म्हणून. शर्यतींवर बंदी आली तेव्हा त्यांनी शर्यतीची हलकी गाडी, छकडी, गोठ्याच्या आढ्याला टांगली आणि पुन्हा नालांकडं वळले. बंदी उठली तोवर त्यांची साठी उलटली होती.

त्याच सुमारास गावातल्या राजाभाऊंनी, मी आणि आणखी दोघांनी मिळून सोन्या आणि पिंट्या ही खिलार जोडी तयार केली होती. गाडीवान कोण, यावर मात्र आमचं जमेना. मी चाचांच्या बाजूचा. राजाभाऊ म्हणत, बैल तरणे आहेत, तर हाकणाराही तरणाच हवा. त्यांच्या नजरेत गणेश होता. एकवीस वर्षांचा, ट्रॅक्टर चालवणारा, अंगानं हलका पोरगा. त्यानं शर्यत कधी हाकलीच नव्हती. बंदीच्या काळात हाकणार तरी कुठं? शेवटी तिघांनी गणेशचं नाव घेतलं, आणि चाचांना सांगायला मला धाडलं.

चाचा एका बैलाचा खूर तासत होते. हातातलं काम न थांबवता त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पोराची मनगटं चांगली आहेत, एवढंच म्हणाले. मी उठलो तेव्हा मात्र त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

शेजारच्या वाशीच्या शर्यतीत गणेश सगळ्यांच्या आधी झेंड्यापाशी पोचला. आम्ही टोप्या उडवल्या. पण जोडी थांबेना. गणेश घाबरून कासरा ओढत राहिला, तसे बैल आणखी बिथरले आणि नांगरलेल्या रानात छकडी उलटली. गणेशचं कोपर फुटलं, सोन्याचा गुडघा सोलवटला. पहिला नंबर आमचाच होता, पण घरी येताना सगळ्यांचं लक्ष सोन्याच्या गुडघ्यावर होतं.

सोन्या बरा झाल्यावर राजाभाऊ स्वतः चाचांच्या दारात गेले. पुढची शर्यत चाचांनी हाकली. चौथा नंबर आला आणि बैल ओरखडाही न लागता परतले. आम्हाला तेवढंही पुष्कळ होतं. चाचा मात्र चहाला हात न लावता बसून राहिले.

"सुटायचं निशाण पडलं ते मला दिसलं," ते म्हणाले. "पण हाताला कळंपतोर शेजारची जोडी पुढं गेली हुती. माझ्या डोक्यात समदं हाय, हातात उरलं न्हाय. त्या पोराच्या हातात हाय, डोक्यात यायचंय. त्याला माझ्याकडं द्या."

पहिला महिनाभर त्यांनी गणेशला छकडीला हात लावू दिला नाही. बैल धुवायचे, त्यांच्याशी बोलायचं, एका आवाजावर त्यांना उभं करायचं. गणेश वैतागला. मी काय गुराखी आहे का, म्हणून भांडला आणि आठवडाभर फिरकलाच नाही. चाचांनी बोलावणं धाडलं नाही. मग तो आपण होऊनच आला. सोन्या चारा खात नाही असं त्याच्या कानावर गेलं होतं.

भूमच्या शर्यतीत तो पुन्हा पहिला आला. या खेपेला झेंड्यापुढं त्यानं कासरा सैल सोडला, लांब हाक दिली, आणि बैल चालीवर येत येत थांबले. चाचांनी आधी आठही खूर तपासले. मग गणेशच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

त्या साली चाची गेल्या. एकट्यानं राहू नका म्हणून लेकीनं चाचांना आपल्या सासरी, लोहाऱ्याला नेलं. जीपमध्ये बसताना त्यांनी नाल ठोकायची हत्यारं ईटच्याच एका तरण्या नालबंदाला देऊन टाकली. आम्हाला वाटलं, चाचांचं शर्यतीशी नातं संपलं.

दोन वर्षांनी आम्ही जोडी घेऊन लोहाऱ्याला गेलो. गणेश आता नावाजलेला होता, लांबच्या गावांतून त्याला बोलावणी येत. तिथं बारावीत शिकणारी एक मुलगी वडिलांची जोडी घेऊन उतरली होती. तिची पहिलीच शर्यत. लोक हसत होते. निशाण पडलं आणि ती अशी सुटली की गणेशला शेवटपर्यंत तिची बरोबरी करता आली नाही. झेंड्यापुढं तिनं कासरा सैल सोडला, लांब हाक दिली, तेव्हा राजाभाऊंनी माझा दंड धरला. गर्दीतून चाचा हळूहळू तिच्या बैलांकडं चालले होते.

राजाभाऊ त्यांच्यापाशी जाऊन म्हणाले, "चाचा, आमच्यावरच उलटलात व्हय?"

"म्या कुणावर उलटू?" चाचा म्हणाले. "दोन्ही गाड्या माझ्याच हुत्या की."

गणेश तोवर त्या मुलीजवळ पोचला होता. सुटताना कासरा नेमका कसा धरला होतास, असं तो तिला विचारत होता, आणि ती त्याला करून दाखवत होती.