पिस्तुलाचा चष्मा

खंडेनवमीला अमेरिकेतल्या आमच्या शुगर लँडच्या घरात पाटावर काय काय मांडलं जातं, हे पुण्यातल्या माझ्या बहिणीला सांगायची सोय नाही. विळी, सुऱ्या, ड्रिल मशीन, लॅपटॉप, इथवर ठीक आहे. पण आमच्या ह्यांचं पिस्तूलही असतं. आमच्या रस्त्यावर एकदा घरफोडी झाली, तेव्हा ह्यांनी ते घेतलं. मी अबोला धरून पाहिला, काही उपयोग झाला नाही. निवृत्तीनंतर तर शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जाऊन कागदाला भोकं पाडणं हाच ह्यांचा व्यायाम झाला. "शस्त्र आहे, त्याची पूजा नको का?" असं म्हणत हे ते रिकामं करून पाटावर आणून ठेवतात, आणि मी नाक मुरडत त्यालाही हळदकुंकू वाहते.

यंदा ते पाटावर आलं तर त्याच्या डोक्यावर काचेची चिमुकली खिडकी.

"हे काय आणखी?"

"रेड डॉट. काल दुकानातून बसवून आणला."

पिस्तुलाच्या टोकाला नेम धरायला एक बारीक खुंट असतो. तो ह्यांना काही महिन्यांपासून पुसट दिसत होता. प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या, जवळचं दिसणाऱ्या भागातून बघायचं तर हनुवटी पार छताकडे करावी लागे. रेंजवरच्या सगळ्याच काकालोकांचं हेच रडगाणं, त्यामुळे ह्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. आता म्हणे त्या काचेत लाल ठिपका दिसतो. तो कागदावर नेला की झालं, खुंटाकडे बघायलाच नको.

मी थक्क झाले. डोळे दाखवून या, म्हणून मी कानीकपाळी ओरडत होते, आणि ह्या गृहस्थांनी चष्मा लावला तो पिस्तुलाला! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी तसं तोंडावर बोलले.

आरती झाली. जवळच राहणारी आमची मुलगी लंच ब्रेकमध्ये प्रसादाला आली होती. तिला नवं खेळणं दाखवायची ह्यांना कोण घाई! पिस्तूल रिकामं असल्याची पुन्हा खात्री करून ते ह्यांनी मागच्या भिंतीकडे धरलं, जुन्या सवयीने डावा डोळा मिटला, आणि एकदम ओरडले.

"गेला! ठिपकाच गेला. तुझं कुंकू सांडलं काचेवर."

"मी मुठीला लावलं. काचेला बोटसुद्धा लावलं नाही."

ह्यांनी काच पुसली. बॅटरी बदलली. ठिपका नाही तो नाहीच. मुलीने हातात घेऊन बघितलं. "बाबा, इट्स राइट देअर." मग मी बघितलं. डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल ठिपका, नीट मधोमध.

"चेष्टा करताय दोघी?" हे चिडले. "बाजूला बघितलं की कोपऱ्यात चमकतो, सरळ बघितलं की गायब. पीसच डिफेक्टिव्ह आहे, रिटर्न करतो. काल दुकानात तर मस्त दिसत होता."

"काल कसं बघितलं होतंत?"

"तो म्हणाला, दोन्ही डोळे उघडे ठेवा."

"मग आता ठेवा ना," मुलगी म्हणाली.

ह्यांनी डावा डोळा उघडला, तसा हात नकळत जरा डावीकडे सरकला. ठिपका आला. मिटला, गेला. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरला आणि त्याच्या जागी जे आलं ते मी इतक्या वर्षांच्या संसारात पाहिलं नव्हतं.

"ठेवा ते खाली. डावा डोळा झाका आणि माझ्याकडे बघा."

ह्यांनी बघितलं. "केस दिसतायत. कानातलं दिसतंय. साडीपण. मधे... मधे राखाडी आहे काहीतरी."

त्याच सकाळी ह्यांनी मला फ्रीवेवरून झेंडू आणायला नेलं होतं. नातीला शाळेतून रोज हेच आणतात. डावा डोळा बिचारा दोघांचं काम बिनबोभाट ओढत होता, आणि जन्मभर पाइपलाइनमधल्या गळत्या शोधणाऱ्या ह्या माणसाला स्वतःच्या डोळ्यातली गळती कळली नव्हती. राग, भीती सगळं एकदमच आलं. मी काहीतरी ओरडले, काय ते आठवत नाही.

मुलीने मीटिंग कॅन्सल केली आणि गाडी काढली. दुपारीच डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले. उजव्या डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध रक्त झिरपून व्रण झाला होता. त्या डोळ्याची गेलेली नजर आता परत येणं नाही, म्हणाले. डाव्यातही सुरुवातीच्या खुणा आहेत, तो मात्र जपता येईल. "पहिल्यांदा पुसट दिसलं तेव्हा आला असतात तर," एवढं बोलून ते थांबले. मुलीला घेऊन ते पुढची अपॉइंटमेंट ठरवायला बाहेर गेले.

खोलीत आम्ही दोघंच राहिलो. हे डाव्या डोळ्यावर तळवा ठेवून माझ्याकडे वळले आणि मान जरा इकडे, जरा तिकडे करत राहिले.

"काय बघताय?"

"तू रडतेयस की काय, ते कळत नाहीये."

मी पदर तोंडाला लावला नाही. त्याची गरजच नव्हती.

"हसतेय तुम्हाला," मी म्हटलं.