जड हात घेऊन डोंबिवलीला

चिपळूणहून सकाळी सहाच्या एसटीत बसलो तेव्हा बायकोने जेवणाचा डबा हातात दिला आणि म्हणाली, "उद्या शाळेचा पहिला दिवस आहे, रडू नका." माझं वय बावन्न. सत्तावीस वर्षं मी सरकारी जनावरांच्या दवाखान्यात काढली. अडलेल्या गाई सोडवल्या, म्हशींची पोटं फाडून रेडकं काढली, बैलांची शिंगं कापली. स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावातच स्वतःचा दवाखाना काढला आणि पाहतो तर दारात गाय एकही नाही. लोक येत ते कुत्री आणि मांजरं घेऊन. त्यांचा ताप, खरूज, लसी हे सगळं जमत होतं. पण पोट उघडायची वेळ आली की माझा धीर खचायचा. म्हणून डोंबिवलीतल्या एका प्राण्यांच्या रुग्णालयात सहा दिवसांचा प्रगत शस्त्रक्रियेचा वर्ग आहे असं कळल्यावर नाव नोंदवलं. हाडं सोडून बाकी सगळं त्यात शिकवणार होते. जठर, आतडी, मूत्राशय, कातडी.

एप्रिलचा शेवट होता. दुपारी ठाण्याला खोपटच्या आगारात उतरलो तेव्हा फलाटाची फरशी चपलेतून भाजत होती. उसाचा रस प्यायलो, रिक्षात बसलो आणि ऐटीत सांगितलं, "मानपाडा." अर्ध्या तासाने रिक्षावाल्याने उंच इमारतींच्या रांगेसमोर सोडलं. रुग्णालयाचा पत्ता दाखवला तर तो हसला.

"काका, पत्त्यात डोंबिवलीचा मानपाडा आहे. हा ठाण्याचा मानपाडा. दोन आहेत ना. आधी बोलायचं होतं तुम्ही."

"मला काय ठाऊक दोन आहेत म्हणून."

"आता बसा परत. शिळफाट्यावरून जावं लागेल. आरामात बसा, टाइम जाईल."

टाइम गेला. खाडीवरचा पूल, डोंगराच्या कुशीतला रस्ता, कंटेनरच्या रांगा, गोदामं आणि मध्येच गवताच्या पेंढ्या घेऊन बसलेला एक म्हातारा. मला उगीच बरं वाटलं, इथे कुठेतरी अजून गाय असणार. रुग्णालयाची जागा तेवढी पाहून ठेवली आणि तिन्हीसांजेला जवळच कोपरला मावसबहिणीकडे, नलूताईकडे पोचलो. नलूताई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेली मराठीची बाई. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तिचा संसार तिच्या अक्षरासारखा नीट मांडलेला. तिने आमटी-भात वाढला आणि विचारलं, "या वयात तुझी परीक्षा कोण घेणार आहे?"

"एक छत्तीस वर्षांची मुलगी," मी म्हणालो.

खरंच होतं ते. वर्ग घेणाऱ्या डॉक्टर मृदुला माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान. बारीक अंगकाठी, आवाज हळू आणि हात इतका हलका, की चिमटा उचललेला कळतसुद्धा नाही. आम्ही चार विद्यार्थी होतो. बाकीचे तिघे पंचविशीतले. ते मला सर म्हणायचे, मृदुला मॅडमही सर म्हणायच्या, आणि सगळ्यांत मागे मीच होतो.

पहिले दोन दिवस खाटकाकडून आणलेल्या बोकडाच्या आतड्यांवर टाके घालायचे होते. आतडं कापायचं, दोन टोकं पुन्हा जोडायची, मग आत पाणी सोडायचं. पाणी झिरपलं तर टाका फसला. माझं आतडं प्रत्येक वेळी गळत होतं. म्हशीच्या जाड कातडीवर दोरा करकचून ओढायची सवय लागलेली. इथे तेवढा ओढला की दोराच आतड्याला चिरायचा.

"सर, तुमचा हात जड आहे," मॅडम म्हणाल्या. बोलण्यात टोचणी नव्हती, निदान केल्यासारखं म्हणाल्या. "दोन्ही कडा एकमेकींना नुसत्या भेटल्या पाहिजेत. दाबू नका त्यांना."

संध्याकाळी नलूताईच्या जेवणाच्या टेबलावर केळ्याची सालं घेऊन बसलो. साल फाटू न देता शिवणं हे आतड्याइतकंच अवघड आहे. नलूताई चष्म्यावरून बघत होती. अकराव्या सालीला ती म्हणाली, "आता केळी तूच संपव. फेकून द्यायची नाहीत." मंगळवारी मी नऊ केळी खाल्ली आणि बुधवारी सकाळी माझ्या जोडातून पहिल्यांदा पाणी झिरपलं नाही. तिन्ही मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला लाजल्यासारखं झालं, पण आवडलंही.

त्याच दिवशी अकराच्या सुमाराला चांगुणाबाई आल्या. खाडीकाठच्या कोळ्यांच्या घरातल्या, पन्नाशीच्या, काष्ट्याचं लुगडं नेसलेल्या. त्यांनी कुत्र्याला चादरीत गुंडाळून खांद्यावर आणलं होतं. तांबडा गावठी कुत्रा, नाव बावट्या. होडीवर निशाण लावतात त्याला बावटा म्हणतात. याचं शेपूट कायम तसं वर असायचं म्हणून हे नाव. आता ते शेपूट लोंबत होतं.

"तीन दिस झालं, जेवत नाय," त्या म्हणाल्या. "पानी पिलं का वकतंय (ओकतोय). गरीचा आमिष खाल्लान त्याने. गरी, दोर, सगलं."

गरी म्हणजे मासे धरायचा गळ. एक्स-रेमध्ये तो जठराच्या तोंडाशी अडकलेला स्पष्ट दिसत होता. त्याला बांधलेला नायलॉनचा दोर पुढे आतड्यात उतरला होता आणि लेंग्याच्या नेफ्यात नाडी ओढल्यावर जशा चुण्या पडतात, तसं सगळं आतडं त्या दोरावर गोळा झालं होतं.

मृदुला मॅडमनी मला बाजूला घेतलं. "सर, हे तुम्ही करा. मी समोर उभी राहते. पण त्यांना विचारून."

मग त्यांनी चांगुणाबाईंना सगळं समजावलं आणि सांगितलं, "वर्गातले हे सर ऑपरेशन करतील, मी पूर्ण वेळ शेजारी असेन. तुमची हरकत असेल तर मी स्वतः करते, मनात काही आणू नका."

चांगुणाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "डाक्टर, तुमी हे या आधी किती केलंय?"

सत्तावीस वर्षांचा अनुभव आहे असं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. ते खोटंही नव्हतं. का कोण जाणे, ते बाहेर पडलं नाही.

"गाईम्हशींची पुष्कळ केली," मी म्हणालो. "कुत्र्याच्या आतड्याचं एकही नाही. मी इथे शिकायला आलोय."

चांगुणाबाई कुत्र्याच्या कानामागे बोटं फिरवत राहिल्या. वर्गातली मुलं खाली बघू लागली. मला वाटलं, आता नाही म्हणणार, आणि म्हणाल्या असत्या तर मला राग आला नसता.

"हात थरथरला तं?"

"तर मी हात बाहेर काढीन आणि मॅडम पुढे होतील."

"मंग हलू हलू करा. घाई नको. मी हितंच बसतंय. काय वाईट झालं तं मना तुमीच येऊन सांगा. दुसऱ्याला धाडू नका."

पोट उघडलं. आतडं जांभळट, चुण्याचुण्यांचं. जठराला चीर देऊन गळ सोडवला, दोर तिथेच कापला. आतड्यात गेलेल्या दोराचं टोक माझ्या चिमट्यात होतं आणि हात आपोआप ते ओढायला निघाला.

"ओढू नका, सर."

मी थांबलो. मॅडमनी आवाज चढवला नव्हता. ओढलेला दोर करवतीसारखा आतड्याची आतली बाजू कापत जातो. म्हणून ठिकठिकाणी लहान चिरा द्यायच्या आणि दोर तुकड्यातुकड्यांनी काढायचा. चार ठिकाणी चिरा दिल्या. प्रत्येक चीर शिवताना केळ्याची साल आठवत होतो. दोर संपला, चुण्या सुटल्या, पण वीतभर आतडं काळपटच राहिलं.

"कापू का?" मी विचारलं.

"आधी थांबूया."

कोमट सलाइनमध्ये भिजवलेले कापडाचे तुकडे आम्ही त्यावर ठेवले. यंत्राची टिकटिक तेवढी चालू होती. मी आयुष्यात ऑपरेशन करताना कधी नुसता उभा राहिलो नव्हतो. गोठ्यात तसं उभं राहिलं तर मालक म्हणतो, डॉक्टरला सुचेना. पाच मिनिटांनी कापड उचललं तेव्हा बरंचसं आतडं गुलाबी झालं होतं आणि त्यातून एक लाट सरकत गेली. चार बोटं तेवढं मेलेलं होतं, ते कापून काढलं. दोन टोकं जोडली. पाणी सोडलं. झिरपलं नाही.

बाहेर येऊन मी चांगुणाबाईंना सांगितलं, "आज निभावलं. पण टाके उसवायची भीती अजून तीन-चार दिवस आहे. खरी परीक्षा शुक्रवारी." त्यांनी मान हलवली.

मागच्या गॅलरीत चहा पिताना मी मृदुला मॅडमना एक गोष्ट सांगितली, जी घरीही कधी सांगितली नव्हती. चार वर्षांपूर्वी एक मांजर आलं होतं, तोंडातून शिवणाचा दोरा लोंबत असलेलं. मी तो दोरा ओढून काढला होता. सबंध निघाला म्हणून खूश झालो होतो. दुसऱ्या दिवशी मांजर गेलं आणि मी ते मांजर घेऊन आलेल्या मुलीच्या वडिलांना म्हणालो, आणायला उशीर केलात. ते बिचारे स्वतःला दोष देत घरी गेले.

मी सांत्वनाची वाट पाहत होतो बहुतेक. मॅडमनी ते केलं नाही.

"मग आज चांगुणाबाईंना खरं का सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं म्हणून. इतक्या वर्षांत असं थेट कोणी विचारलं नव्हतं."

त्यांनी कप खाली ठेवला. "मालक विचारत नाहीत सर. आपणच सांगायचं असतं."

शुक्रवार वाईट उजाडला. बावट्याला ताप होता, पोट दुखत होतं आणि वाटीकडे त्याने पाहिलंही नाही. टाका उसवला असला की अशीच सुरुवात होते. सोनोग्राफीत पोटात थोडं पाणी दिसलं. सुई घालून ते काढलं आणि तपासायला मॅडमकडे दिलं. कबूल केल्याप्रमाणे मी आधी बाकड्यावर बसलेल्या चांगुणाबाईंकडे गेलो आणि म्हणालो, "ताप आहे. पाणी तपासतोय. घाण निघाली तर पुन्हा पोट उघडावं लागेल आणि तेव्हा वाचेलच असं सांगता येत नाही."

"तुमचा टाका सुटला का?"

"सुटला असेल. अजून माहीत नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि बाकड्यावर थोड्या सरकल्या. मी तिथे बसलो. अर्धा तास आम्ही दोघं तसेच बसून होतो. मग मृदुला मॅडम सूक्ष्मदर्शकापासून उठून आल्या. पाणी स्वच्छ होतं. ऑपरेशननंतर साठतं तेवढंच. दुपारी ताप उतरला आणि चारच्या सुमाराला बावट्याने उकडलेल्या कोंबडीचे दोन तुकडे माझ्या हातून खाल्ले. मी बोटं कितीतरी वेळ धुतली नाहीत.

शनिवारी वर्ग संपला, बावट्या घरी गेला. मी रविवारची सकाळ मुद्दाम राखून ठेवली होती. नलूताई म्हणाली, "मीही येते. इतकी वर्षं कोपरला राहते, पण खाडीपर्यंत कधी गेले नाही." रिक्षा गल्ल्यांतून वळत गेली, इमारती संपल्या आणि एकदम रुंद, करड्या पाण्याची खाडी समोर आली. ओहोटी होती. चिखलात बगळे, काठाला तिवरं (खारफुटी), पालथ्या घालून ठेवलेल्या होड्या. चांगुणाबाईंच्या ओट्यावर बावट्या जाळ्यांच्या ढिगावर झोपला होता.

त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी आणि चिंबोऱ्यांचं कालवण. आमच्याकडे या खेकड्यांना कुर्ल्या म्हणतात. नलूताई शाकाहारी, तिने भाकरी लोणच्याशी खाल्ली आणि दोनदा मागून घेतली. मी बावट्याचे टाके पाहिले. कोरडे होते. पुढचे काही आठवडे त्याला पातळ होईल, आतड्याचा तुकडा कापलाय, असं सांगितलं.

"होऊ दे पातल," त्या म्हणाल्या. "मी धुतंय." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमी खरं बोललात म्हनून ठेवला मी त्याला. मोठं मोठं बोलला असतात तं उचलून नेला असता."

मी आणखी भाकरी मागितली.

दुपारी खोपटहून एसटी धरली. पनवेल मागे पडल्यावर खिडकीत ऊन तिरपं झालं. शिकायला गेलो होतो टाके. तेही आले थोडेफार. पण प्रवासभर मनात राहिला तो बाकड्यावरचा अर्धा तास, जिथे माझ्या हातांना करण्यासारखं काहीच नव्हतं.

घरी आल्यावर तीन आठवड्यांनी एक लॅब्रॅडॉर आला. औषधाच्या दुकानदाराचा. आंब्याची कोय गिळलेली, आतड्यात अडकलेली. दुकानदार म्हणाले, "तुम्ही मुंबईकडे शिकून आलात ना, करून टाका."

मी म्हणालो, "असं ऑपरेशन मी एकदाच केलंय, तेही शिकवणारी समोर उभी असताना. करू शकेन असं वाटतं. कोल्हापूरला रोज करणारे डॉक्टर आहेत. कुत्र्याची तब्येत प्रवास झेपण्यासारखी आहे. तुम्ही ठरवा."

त्यांनी कोल्हापूर ठरवलं. मी सलाइन लावलं, वेदनेचं इंजेक्शन दिलं, चिठ्ठी लिहिली, तिकडे फोन केला. गाडी कुंभार्ली घाटाच्या दिशेने गेली तेव्हा मला वाईट वाटलं. वाटलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. दोन दिवस मी बायकोशीही नीट बोललो नाही.

बाराव्या दिवशी ते कुत्र्याला घेऊन आले, टाके काढायला. तेवढ्यासाठी कोल्हापूर लांब पडतं. मी त्याला टेबलावर आडवं केलं, दिवा खाली ओढला आणि चष्मा पुसला. टाके सारख्या अंतरावर होते आणि एकही कातडीत रुतलेला नव्हता. कडा नुसत्या भेटलेल्या होत्या. मी एकेक टाका कापून ट्रेमध्ये ठेवत गेलो, फार सावकाश.

"काही गडबड आहे का?" दुकानदारांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "कसं केलंय ते बघतोय."