सात नंबरची विहीर

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोशीही नाही. बोलायचं म्हटलं की आधी घरची गरिबी सांगावी लागते, ती सांगितली की ऐकणाऱ्याचे डोळे भरतात, आणि खरी गोष्ट बाजूलाच राहते — वैताग आहे नुसता.

तरी सांगतो. पूर्णगडच्या वरच्या अंगाला, कातळावर आमची वाडी. बाबा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. वाडीला विहीर एकच, आणि शिमग्याआधीच तिचा तळ दिसायचा. मग आई आणि थोरली ताई हंडे घेऊन खालच्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, जायच्या. ताईची शाळा त्या हंड्यांपायी सुटली. मी शिकलो. घरातला पहिला. त्याचा मला अभिमान आहे, तो मी कधी लपवला नाही. लपवलंय ते वेगळंच.

पीएचडीला मी विषय घेतला पाण्याचाच. उपग्रहाच्या चित्रांवरून ओळखायचं, की कुठल्या गावात जमिनीखालचं पाणी किती दिवस टिकेल. पण उपग्रह सांगतो ते खरं की खोटं, हे शेवटी जमिनीवरच तपासावं लागतं. त्यासाठी मी काही विहिरी निवडल्या. सात नंबरची आमची. मी राहायला दापोलीत — दर सोमवारी एसटीने कोण जाणार? मोजायची फीत बाबांच्या हातात दिली.

आणि बाबांना मोजायला शिकवणारा मी कोण? उभा जन्म खाडीत दोरी सोडून पाण्याची खोली बघितलेला माणूस. तरी ते प्रत्येक सोमवारी दोनदा मोजायचे आणि फोनवर आकडा सांगून म्हणायचे, "लिवलास? वाच बघू परत."

तो आकडा माझ्या गणितात बसेना. उपग्रहाला आमच्या वाडीभोवती भर उन्हाळ्यातही हिरवं दिसत होतं. म्हणून माझं गणित म्हणायचं, पाणी एप्रिलअखेरपर्यंत आहे. बाबांची फीत म्हणायची, फेब्रुवारीतच तळ. मी फोनवर डाफरलो, "बाबा, जरा नीट मोजा हो!"

ते हसले. "अरे मेल्या, हिरवी हायत ती आंब्याची कलमं. कलमाचं मूळ जातंय पाताळात. माझी फीत कशी जाईल तितं?"

झालं. माझ्या सगळ्या प्रबंधातली चूक त्यांनी एका दमात सांगितली होती. मला ती कळली नाही, असं म्हणू? कळली. गावी जाऊन मी स्वतः मोजलं — बोटभराचाही फरक नव्हता.

त्यानंतर आठवड्याभरात मार्गदर्शक सरांनी आलेखावर पेन टेकवलं. "ही एक विहीर सगळं बिघडवतेय. नोंदी कोण घेतं?"

इथे — मनातल्या मनात सांगतानाही दर वेळी इथेच अडखळतो मी. 'माझे वडील.' दोनच तर शब्द. किती वेळ लागतो दोन शब्दांना? मी म्हणालो, "गावातला एक माणूस आहे, सर. शिकलेला नाही."

"मग वगळा की!"

वगळली. वर तळटीपही मीच लिहिली: निरीक्षक अप्रशिक्षित असल्याने सात क्रमांकाच्या नोंदी अविश्वसनीय. सर काही अंगावर आले नव्हते. कुणी धमकावलं नव्हतं. आलेख सरळ यायला हवा होता, बस्स. आता सत्काराला बोलावतात आणि माईकवरून सांगतात, 'खलाशाचा मुलगा!' सत्काराला बाप चालतो. प्रबंधात चालला नाही.

बांधलेला प्रबंध घरी नेला, तेव्हा बाबांनी पानं उलटत विचारलं, "यात माजे आकडे कुठं रे?"

"सरासरीत आहेत, बाबा."

मग काय, वाडीभर सांगत सुटले — आपण सरासरीत आहोत म्हणून.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित आजही गप्प बसलो असतो. पण पुढे माझ्याच गणितावर तालुक्याचा नकाशा निघाला. पाणी पुरतं ती गावं निळी. आमची वाडी निळी. वाडीने टँकर मागितला, तेव्हा देवळात सभा झाली. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी नकाशा भिंतीला लावला, शेजारच्या खुर्चीवर मी — तज्ज्ञ!

शेजारच्या काकू उठल्या. "सायेब, त्या नकाशातलं पानी माज्या हंड्यात वतून दावा!" देऊळभर हशा. साहेब वरमले, माझ्याकडे वळले. "तुम्हीच सांगा, डॉक्टर."

मी तोंड उघडण्याआधी बाबा उठले. हात जोडलेले, वाडीकडे तोंड. "माजा पोर चुकायचा नाय. वरनं बगितलंय त्यानं. मोजताना माजाच हात चुकला असंल. वय झालं आता."

जन्मात ज्यांचं मोजमाप चुकलं नव्हतं, ते माझ्यासाठी चारचौघांत चुकले. साहेब अजून माझ्याकडेच बघत होते.

मी मान डोलावली.

वाडीचं नाव टंचाईच्या यादीतून गेलं. नकाशा मंजूर झाला. मी आज विभागप्रमुख आहे, आमच्या वाडीतला पहिला डॉक्टर.